मदत हवी आहे : पैठणीची जर फोटोत काळी पडते आणि वांगी रंग निळा दिसतो

नमस्कार. आम्ही येवल्याचे. सासऱ्यांचे दोन हातमाग आहेत आणि गेल्या दीड वर्षापासून मी आमच्या पैठण्यांची छायाचित्रे काढून ती गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. छायाचित्रणाचे शिक्षण मी घेतलेले नाही. जे येते ते करून बघूनच आलेले आहे, त्यामुळे प्रश्नात काही चुकीचे लिहिले गेले असेल तर सांभाळून घ्यावे.

गेल्या महिन्यात वांगी रंगाची एक साडी पुण्याहून परत आली. सोबतच्या चिठ्ठीत एवढेच लिहिले होते की फोटोतली साडी निळी होती. मी तो फोटो साडीशेजारी धरून पाहिला आणि त्या ताईंचे म्हणणे खरे निघाले. ज्या साडीवर सासऱ्यांचे अडीच महिने गेले ती माझ्या फोटोमुळे दारात परत यावी, हे त्यांच्या आणि माझ्याही मनाला फार लागले आहे.

आता सामानाविषयी. कॅमेरा सुरुवातीच्या श्रेणीतला, २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा डीएसएलआर आहे आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स आहे. खोली १० बाय १२ फूट, भिंती पोपटी, उत्तरेला एक खिडकी आणि छताला दोन एलईडी ट्यूब. साडी लाकडी दांडीवर टांगून दोन्ही बाजूंना बल्बचे दोन छोटे सॉफ्टबॉक्स (समोर पांढरे कापड असलेल्या, उजेड मऊ करणाऱ्या पेट्या) लावते. काठ आणि बुट्ट्या बऱ्या येतात. पदर मात्र, ज्याची सगळी जमीनच जरीची असते, तो एकतर मधोमध पांढरा फटक होतो किंवा कडेला काळपट, जुन्या पितळेसारखा दिसतो. धूपछाव (दोन रंगांची झाक मारणाऱ्या) साडीचे तर दर फोटोत वेगळेच रंग येतात.

उपाय म्हणून मी एक सुटा फ्लॅश आणि तो कॅमेऱ्यावरून दुरून उडवणारा ट्रिगर विकत घेतला. ट्रिगरचे चाचणीचे बटण दाबले की फ्लॅश उडतो, कॅमेऱ्याचे बटण दाबले की उडत नाही. दुकानदार म्हणतात, वस्तूत दोष नाही.

माझ्याकडे ५०,००० रुपये आहेत. त्यांत वापरलेला फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा घ्यावा, मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स घ्यावी की दिवे? आणि पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चकाकी कमी करणारा) फिल्टर लावल्याने जरीची चमक आटोक्यात येते का?

प्रतिसाद १

ताई, कॅमेरा बदलू नका. मी बरीच वर्षे दागिन्यांचे आणि कापडांचे फोटो काढतो आहे आणि तुमचे प्रश्न कॅमेऱ्याचे नाहीत, असे खात्रीने सांगतो.

आधी जरीचे. जर म्हणजे धाग्यावर गुंडाळलेली धातूची पट्टी. ती आरशासारखी वागते. समोर जे असेल तेच ती दाखवते. छोटा सॉफ्टबॉक्स तिच्यात छोटा पांढरा डाग म्हणून उमटतो आणि बाकीच्या पदरात खोलीतला अंधार उमटतो, तोच तुम्हाला काळपट दिसतो. म्हणून प्रखर दिव्यापेक्षा मोठा दिवा लागतो. एका बाजूला निदान पदराच्या उंचीएवढा पांढरा पडदा ताणून त्यामागून प्रकाश टाका आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा मोठा पत्रा उभा करा. पडद्यासाठी मांजरपाट वापरू नका, त्याला पिवळसर झाक असते. धुवट पांढरे सुती कापड चालेल.

दिवा किती लांब ठेवायचा यालाही महत्त्व आहे. पदराची जवळची कड दिव्यापासून २ फुटांवर आणि लांबची ६ फुटांवर असेल तर दोन्हींवरच्या प्रकाशात नऊपटींचा फरक पडतो. तोच दिवा मागे नेऊन ती अंतरे ६ आणि १० फूट केली, तर फरक पावणेतीन पटींवर येतो. तुमच्या खोलीत एवढी जागा अवघड आहे, म्हणूनच थर्माकोल सांगितला.

रंगाचे कारण म्हणजे तुमच्या खोलीत तीन प्रकारचे उजेड एकत्र होतात : खिडकी, ट्यूब आणि बल्ब. त्यात पोपटी भिंतीवरून परतणारा उजेड हिरवट असतो. स्वस्त एलईडीच्या प्रकाशात गडद लाल पुरेसा नसतो, आणि वांगी रंगातला लालच गेला की उरतो तो निळा. ट्यूब बंद करा, भिंतींवर पांढऱ्या चादरी लावा, एकाच प्रकारचा उजेड ठेवा, पहिल्या फोटोत साडीवर १८ टक्क्यांचे ग्रे कार्ड (ठरावीक करड्या रंगाचा पुठ्ठा) धरा आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडानुसार रंगांची दुरुस्ती, ठरवा. फोटो रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घ्या. कॅमेऱ्यातली रंगशैली न्यूट्रल ठेवा. लेन्स ५० मिमीच्या आसपास, लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८, कॅमेरा तिपाईवर. १८ मिमीवर काठ वाकलेले दिसतात.

पोलरायझर घेऊ नका. धातूवरून परतणाऱ्या प्रकाशावर एकट्या फिल्टरचा परिणाम जवळपास होत नाही. दिव्यावरही पोलरायझरची फिल्म लावली तर चमक जाते, पण ती सगळीच जाते आणि पदर हळदीने रंगवल्यासारखा दिसतो. मॅक्रो लेन्सची गरज मला आत्ता वाटत नाही. बुट्टीच्या जवळच्या फोटोसाठी एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी) पुरते.

ट्रिगरबद्दल : कॅमेऱ्याच्या डोक्यावर जिथे फ्लॅश बसतो त्या खाचेत मधोमध एक मोठा गोल ठिपका असतो. काही स्वस्त मॉडेलांमधून तो काढून टाकलेला आहे आणि साधे ट्रिगर त्याच ठिपक्यावर चालतात. आधी तो आहे का ते पाहा. नसेल, तर तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठीच बनवलेला ट्रिगर घ्यावा लागेल, आणि तोही दुकानात कॅमेरा नेऊन, फ्लॅश उडवून पाहूनच घ्या.

प्रतिसाद २

वरच्या उत्तराशी सहमत आहे. धूपछावाबाबत एक भर घालतो. त्यात ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे पाहण्याचा कोन बदलला की रंग बदलतो. एकच 'खरा' फोटो शोधण्यात वेळ घालवू नका. डावीकडून एक, उजवीकडून एक आणि पदर हातात हलवतानाचे दहा सेकंदांचे चित्रण, असे तिन्ही पाठवा आणि दोन्ही रंगांची नावे लिहा. चित्रण एलईडीच्या उजेडात करणार असाल तर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, नाहीतर पट्टे दिसण्याची शक्यता असते.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. ठिपका खरोखरच नाही. तिथे नुसते काळे प्लास्टिक आहे. इतके दिवस मी बॅटऱ्या बदलत बसले होते.

आज सकाळी ट्यूब बंद केल्या, खिडकीला धुतलेले पांढरे धोतर ताणून लावले, पोपटी भिंतीवर चादर टाकली आणि समोर थर्माकोल उभा केला. ग्रे कार्ड अजून आलेले नाही, तरी सासऱ्यांनी फोन साडीशेजारी धरून बराच वेळ पाहिला आणि "आता रंग बसला" म्हणाले. काठावरच्या मुनियांच्या (विणलेल्या पोपटांच्या) चोचीचा लाल धागा पहिल्यांदाच जरीपासून सुटा दिसला. पदराचा खालचा वीतभर भाग मात्र अजून काळपट आहे. तिथे जमिनीवर दुसरा थर्माकोल आडवा टाकावा की दांडीच वर उचलावी? आणि पडद्यामागे ठेवायला २०० वॅट-सेकंदांचा (हे फ्लॅशच्या ताकदीचे माप) एक फ्लॅश पुरेल का?