धमनीत कॅल्शियम 'साचतं' का? आणि के२ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्यात का?

कोकणकडा
वडिलांचा कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या धमन्यांत किती कॅल्शियम साचलंय ते सांगणारा स्कॅनचा आकडा) ६१२ आला आणि दुसऱ्याच दिवशी घरात दूध, नाचणी, तीळ सगळं बंद झालं. मला हे पटत नाही. नळात क्षार धरतो तसं हे नाही. रक्तातलं फॉस्फेट वाढलं, सूज टिकून राहिली की धमनीच्या भिंतीतली स्नायूपेशी आपलं काम सोडून हाडाच्या पेशीसारखी वागू लागते. हाडपेशी घडवणारं आरयूएनएक्स२ हे जनुक तिच्यात जागं होतं. 'हाड घडव' असा निरोप देणारं बीएमपी-२ प्रथिन धमनीच्या भिंतीत चरबी साचून झालेल्या गाठींत सापडल्याचं १९९३ मध्येच प्रसिद्ध झालंय. त्याला आवर घालतं एमजीपी नावाचं दुसरं प्रथिन. १९९७ मध्ये एमजीपी नसलेले उंदीर तयार केले, तर धमन्या दगडासारख्या होऊन, फुटून ते दोन महिन्यांत मेले. हे एमजीपी कामाला लागायला के जीवनसत्त्व लागतं. म्हणून माझं मत: दूध सुरू ठेवा आणि के२ घ्या.

पाऊलवाट
दुधाबद्दल सहमत, के२ बद्दल अजिबात नाही. उंदरात एमजीपी मुळातच नव्हतं, तुमच्या वडिलांमध्ये ते आहे. डेन्मार्कमध्ये ३६५ पुरुषांवर चाचणी झाली, २०२२ मध्ये निकाल आला. दोन वर्षं रोज ७२० मायक्रोग्रॅम के२ आणि सोबत डी३ जीवनसत्त्व देऊनही हृदयाच्या झडपेतलं कॅल्शियम वाढायचं थांबलं नाही. आणि कृपा करून हे ठळक लिहा: वॉरफरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता के२ ला हात लावू नये. ते औषध के जीवनसत्त्वाचं चक्र अडवूनच रक्त पातळ ठेवतं. माझ्या आईची झडप बदललेली आहे, म्हणून जीव तोडून सांगतेय.

कोकणकडा
वॉरफरिनचं मान्य, मी आधीच लिहायला हवं होतं. पण ती चाचणी झडपेची होती. त्याच लोकांच्या हृदयधमन्या पाहिल्या तेव्हा ज्यांचा स्कोअर ४०० च्या वर होता त्यांच्यात वाढ कमी दिसली. वडील त्याच गटात बसतात.

पाऊलवाट
सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही, मग एक गट वेगळा काढला. त्यावरून नवी चाचणी आखावी, गोळी सुरू करू नये.

भीमाकाठ
दोघेही फॉस्फेटवरून पुढे गेलात. माझा भाऊ चार वर्षं डायलिसिसवर आहे. मूत्रपिंड फॉस्फेट बाहेर टाकत नाही, ते पिट-१ नावाच्या वाटेने स्नायूपेशीत शिरतं आणि तिथून हा खेळ सुरू होतो. आमच्याकडे के२ पेक्षा जेवणाच्या घासाबरोबर घ्यायची फॉस्फेट बांधणारी गोळी मोलाची. डाळीतलं फॉस्फेट बरंचसं शोषलं जात नाही, पाकिटातल्या पदार्थांत मिसळलेलं मात्र जवळजवळ सगळं अंगात जातं. पथ्य म्हणून घरात डाळ बंद आणि फरसाण चालू, असं आम्ही वर्षभर केलं. त्याचा आजही त्रास होतो.

शिळोप्याची_वेळ
मुळात स्कोअर खाली आणायचा हा हट्टच का? स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीने, कॅल्शियम थोडं वाढतं, तरी हृदयविकाराचे झटके कमी होतात, कारण मऊ, फुटू शकणारी गाठ घट्ट होते. ६१२ हा आकडा धोका सांगतो, औषध कशावर चालवायचं ते सांगत नाही. वडिलांचा रक्तदाब आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) किती आहे?

कोकणकडा
एलडीएल १४८. स्टॅटिन त्यांनी मागच्या दिवाळीत स्वतःहून बंद केलं होतं. उद्या त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जातो. के२ चा प्रश्न तिथेच विचारेन, नाचणीची भाकरी मात्र आजच सुरू.