सहा खाटांच्या दवाखान्याला उपदेश आणि मोठ्या हॉस्पिटलला पैसे?

माणदेशी वैद्य:
काल इथे एकाने लिहिलं, “केंद्र सरकार पेशंटच्या डिजिटल नोंदीमागे पैसे मोजतंय, तरी खाजगी डॉक्टर कागदावरच खरडतात, कारण त्यांना रोकडीचा हिशेब लपवायचाय.” वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

डिजिटल हेल्थ इन्सेंटिव्ह योजना जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाली. ठरावीक आकड्याच्या वर, आभा नंबरला (आधारवरून निघणारा पेशंटचा आरोग्य नंबर) जोडलेल्या प्रत्येक नोंदीमागे २० रुपये, कमाल ४ कोटींपर्यंत. पण दवाखान्याला किमान १० खाटांची अट घातली. माझ्याकडे ६ आहेत, म्हणजे मला दमडी नाही. सकाळच्या ओपीडीत साठ-सत्तर पेशंट, मदतीला एक सिस्टर आणि एक कंपाउंडर. म्हातारीच्या आधारला लेकाचा मोबाईल जोडलेला, लेक चाकणला कंपनीत. ओटीपी त्याच्याकडे जातो आणि शिफ्टमध्ये तो फोन उचलत नाही. मागे लेकरू तापाने फणफणलेलं. अशा वेळी मी नाडी बघू की ओटीपीची वाट? सॉफ्टवेअरचं भाडं, नेट, इन्व्हर्टर सगळं खिशातून. ज्याच्याकडे आयटी विभाग आहे त्यालाच अनुदान द्यायचं, हे धोरण उलटं आहे.

कोथरूडचा अभियंता:
ते लिहिणारा मीच. योजना लॅबलाही लागू केली, हे तुम्ही सोडून दिलंत. छोट्या दवाखान्यांसाठी १०० मायक्रोसाईटचा, म्हणजे एकेका भागातले छोटे दवाखाने एकत्र डिजिटल नोंदींना जोडायचा, कार्यक्रमही आला. आता माझं ऐका. वडिलांची बायपास झालेली. नाशिकला लग्नात रात्री छातीत दुखायला लागलं, फाईल पुण्यात. तिथल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या पहिल्यापासून केल्या. जवळच्या चिठ्ठीवरचं गोळीचं नाव केमिस्टलाही लागेना. आणि तुम्ही मला इन्व्हर्टरचं सांगताय?

मिशिगनची डॉक्टरीण:
अमेरिकेत २००९ च्या कायद्याने हेच केलं. मेडिकेअरकडून एकेका डॉक्टरला ४४,००० डॉलरपर्यंत मिळाले आणि २०१५ पासून डिजिटल नोंदी न वापरणाऱ्यांचे पैसे कापायला लागले. कागद गेला, हे खरं. पण एका हॉस्पिटलची सिस्टीम दुसरीशी बोलेना. मी आजही फॅक्सने रिपोर्ट मागवते आणि मुलं झोपल्यावर नोट्स टाईप करत बसते. पैसे नोंदींच्या संख्येवर देऊ नका, पुढच्या डॉक्टरला ती नोंद दिसली का यावर द्या.

आशा, जव्हार:
डॉक्टर बोलले, इंजिनिअर बोलले. गावात आभा काढतं कोण? आम्ही आशा सेविका. मोबाईल माझा, रिचार्ज माझा. पाड्यात रेंज नाही, म्हणून बायांना आधार घेऊन टेकाडावर नेते. तिथे आलेला ओटीपी सर्व्हर घेत नाही. गरोदर बाईचा बीपी बघायचा सोडून मी हेच करायचं का?

स्पष्टवक्ता:
मानधन वाढवून मिळालं ना ताई? मग काम नको कसं?

आशा, जव्हार:
दादा, एक दिवस माझ्याबरोबर चाला आणि मग बोला. रात्री दोनला बाळंतीण घेऊन जीपमध्ये मीच बसते. कामाला नाही म्हटलेलं नाही. दुसऱ्याचं काम माझ्या फोनवर, माझ्या पैशाने का, एवढंच विचारलंय.

माणदेशी वैद्य:
स्पष्टवक्ते, शब्द मागे घ्या. ताईंसारख्या नसत्या तर आमच्याकडे निम्म्या केसेस उशिरा आल्या असत्या. नोंदीमागचे २० रुपये आधी त्यांना द्या.

सोलापूरची सिस्टर:
आमच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर आला, पण रजिस्टर गेलं नाही. तेच टीपीआर (ताप, नाडी, श्वास) दोनदा लिहायचं, एकदा कागदावर, एकदा स्क्रीनवर. अनुदान मालकाला मिळतं, ड्युटी आमची वाढते. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा कितीतरी दिवस सगळं पुन्हा हातानेच लिहावं लागलं. त्यामुळे रजिस्टर बंद करा म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही.

स्पष्टवक्ता:
रिचार्जचं ताईंचं बरोबर आहे. बाकी मत तेच.

कोथरूडचा अभियंता:
१० खाटांची अट काढायला हवी, एवढं मान्य करतो. हिशेबाबद्दल लिहिलं ते मागे घेणार नाही.

माणदेशी वैद्य:
नका घेऊ. तुमचा मायक्रोसाईट कार्यक्रम आमच्या तालुक्यापर्यंत आणा, मी उद्या नोंदी जोडायला लागतो. आणि गोळीचं नाव ठळक, सुट्या अक्षरांत मी आजही लिहितो. त्याला अनुदान लागत नाही.

आशा, जव्हार:
उद्या पीएचसीला मीटिंग आहे. किती आभा झाले ते विचारतील. रिचार्जचं मी विचारणार आहे. तिथे माझ्या बाजूने कोण बोलतं ते बघू.