'डिमोझेइकिंग'ला मराठीत काय म्हणाल?

अर्धविराम: नवशिक्यांसाठी कॅमेऱ्यावर टिपण लिहितोय. सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा असा एकच फिल्टर. उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून हिशेबाने काढतात. त्या हिशेबाला, म्हणजे डिमोझेइकिंगला, मी 'रंगभरणी' म्हटलं, तर मित्राने खाली लाल रेघ ओढली.

जुनंखोड: बरोबर केलं. भरणी म्हणजे बाहेरून आणून ओतणं. इथे अंदाज बांधतात. गणितात 'अंतर्वेशन' हा रुळलेला शब्द आहे.

तिरकस: कुठल्या रुळांवर? नवशिका पहिल्याच ओळीत टिपण मिटेल.

पाऊलवाट: शब्द कुठलाही घ्या, पण 'सेन्सर रंग ओळखतो' असं लिहू नका. सिलिकॉनला प्रकाश किती पडला एवढंच कळतं. असा एकेका रंगाच्या फिल्टरांची जाळी असलेला, म्हणजे बायर सेन्सर २४ मेगापिक्सेलचा असेल तर १ कोटी २० लाख हिरवे, लाल-निळे साठ-साठ लाख. या रचनेचं कोडॅकच्या ब्राइस बायरचं पेटंट १९७६ चं. हिरवे दुप्पट, कारण उजेडातला बारीक फरक आपल्या डोळ्याला त्याच पट्ट्यात जास्त जाणवतो.

जुनंखोड: 'संवेदक' म्हणा हो. आणि फिल्टरला 'गाळणी'.

पाऊलवाट: गाळणीने घोळ होईल. गाळलेलं पाणी म्हणजे खाली उतरलेलं, पण गाळलेली ओळ म्हणजे वगळलेली. मग लाल गाळणी लाल सोडते की अडवते? (सोडते.)

अर्धविराम: फिल्टर ठेवतो. मूळ प्रश्न…

तिरकस: फोव्हिऑन नावाच्या वेगळ्या सेन्सरवर लिहा, प्रश्नच मिटला! २००२ च्या सिग्मा एसडी९ कॅमेऱ्यात तो होता. निळा प्रकाश सिलिकॉनमध्ये वरच्यावर शोषला जातो, लाल खोलवर जातो. म्हणून एकाखाली एक तीन थर. तिन्ही रंग एकाच जागी मिळतात, शेजाऱ्याला विचारायला नको.

पाऊलवाट: इतकं सोपं नाही. वरच्या थरातही थोडा हिरवा-लाल शोषला जातो. रंग वेगळे करायला तिथेही गणित लागतंच, आणि त्यात नॉइज (चित्रातले नको असलेले ठिपके) वाढतो.

जुनंखोड: थर नव्हे, पदर! थर साचतो, पदर मुळातच असतो.

तिरकस: पदर सुटतो. सेन्सरचा सुटला तर कॅमेरा दुरुस्तीला.

जुनंखोड: चेष्टा पुरे. 'गाळणे' हे 'गळणे'चं प्रयोजक. जे गळून खाली आलं तेच गाळलेलं; वगळण्याचा अर्थ मागाहून चिकटला असणार.

पाऊलवाट: पानं गळतात ती झाडाने वगळलेलीच की!