मदत हवी आहे: पावसात गाडी बंद पडते, रविवारी पुन्हा राईड

चिखलगाडी:
नमस्कार. क्लबच्या राईडमध्ये सलग दुसऱ्यांदा माझी गाडी भर पावसात बंद पडली. शेतांमधला अरुंद रस्ता, डोक्यावर आडोसा नाही. अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली, थोडं पुढे जाऊन परत तेच. बाकी ११ जण पुढे निघून गेले आणि सगळ्यात शेवटी चालणारा बिचारा माझ्यासोबत भिजत उभा. उन्हात एकदम मक्खन चालते. मेकॅनिक म्हणतो काही झालेलं नाही. काय बदलू? लवकर सांगा, अंदाज रविवारीही पावसाचाच आहे.

जुनी_किक:
कोणती गाडी? कार्ब्युरेटर की एफआय (फ्युएल इंजेक्शन)? किती किमी चालली? इथे कुणी पंचांग घेऊन बसलेलं नाही.

चिखलगाडी:
सिंगल सिलिंडर, कार्ब्युरेटर. प्लग नवा आहे. नाव मुद्दाम लिहिलं नाही, लिहिलं की लोक गाडीलाच शिव्या घालतात.

तिसरा_गिअर:
डोळे मिटून सांगतो, प्लगची कॅप. रबर तडकलं की पाणी शिरतं आणि ठिणगी प्लगच्या टोकापर्यंत न जाता बाहेरच्या बाहेर इंजिनावर उडते. रात्री अंधारात गाडी चालू ठेवून कॅपवर आणि जाड वायरवर पाण्याचा बारीक फवारा मारा. गळती असेल तर निळ्या ठिणग्या दिसतील. हात लावू नका. मी लावला होता.

सावकाश_चला:
+१. शिवाय काही गाड्यांत प्लग खळग्यात बसवलेला असतो. पाणी निघून जायला तिथे एक बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजलं की प्लग पाण्यात बसलाच म्हणून समजा. तारेने साफ करा.

हवापाणी:
पावसात टायरची हवा ५-६ पीएसआय कमी ठेवा. ग्रिप सुधारते. मी दरवर्षी करतो.

मीनल_के:
हवापाणी दादा, प्रश्न गाडी बंद पडण्याचा आहे. आणि हा सल्ला चुकीचाही आहे. हवा कमी असली की टायर पाणी कापण्याऐवजी पाण्यावर तरंगायला लागतो, तेही कमी वेगात. कंपनीने सांगितलेलीच हवा ठेवावी. पावसात वाढवायचं ते गाड्यांमधलं अंतर. एरवी दोन सेकंद ठेवत असाल तर चार ठेवा. क्लबच्या राईडमध्ये नेमकं तेच होत नाही, सगळे एकमेकांच्या मडगार्डला चिकटून.

हवापाणी:
२० वर्षं चालवतोय ताई. अजून पडलो नाही.

जुनी_किक:
हवेचं भांडण दुसऱ्या धाग्यावर. चिखलगाडी, बंद कशी पडते ते सांगा. बटण दाबल्यासारखी फट्कन, की आचके देत, दम लागल्यासारखी?

चिखलगाडी:
आचके देत. आधी पिकअप जातो, थ्रॉटल पिळला तर आणखीच गुदमरते, मग बंद.

जुनी_किक:
मग माझ्या मते करंट नाही, पेट्रोल. करंट गेला की बहुतेक वेळा एकदम जातो. कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा (टाकीतून आलेलं पेट्रोल इंजिनात जाण्याआधी साठतं ती वाटी) स्क्रू सैल करा आणि खाली येणारं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी जड, ते तळाला वेगळं दिसेल. इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये थोडं पाणी मिसळूनही जातं, जास्त झालं की इथेनॉलला घेऊन खाली बसतं. जवळपास कुणाला बिडी ओढू देऊ नका.

तिसरा_गिअर:
ओल्या कॅपनेही आचके येतात हो. २ मिनिटांत कॅप बदलून होते, ती आधी बदला.

ओले_मोजे:
अवांतर: रेनकोट कितीही भारी घ्या, बसल्यावर पुढे मांड्यांमध्ये पाणी साचतं आणि शिवणीतून नेमकं नको तिथे शिरतं. कुणाकडे उपाय आहे का?

सावकाश_चला:
शिवणीला आतून टेप मारलेली पँट घ्या. आणि मोजे बुटाच्या बाहेर नकोत, पँट बुटाच्या बाहेर.

चिखलगाडी:
आत्ताच वाटी रिकामी केली. पेट्रोल स्वच्छ, पाण्याचा थेंब नाही. टाकीत पाणी जाणं शक्यच नाही, कारण पावसाळी राईडला मी टाकीवर जाड प्लास्टिक ताणून घट्ट बांधतो, झाकणासकट. कॅप उद्या बघतो.

मीनल_के:
झाकणासकट???

जुनी_किक:
अरे देवा. हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं भाऊ.
टाकीच्या झाकणाला श्वास घ्यायला बारीक छिद्र असतं. पेट्रोल खाली उतरलं की तितकी हवा आत यायला हवी. ते छिद्र तुम्ही बंद केलंय. आत निर्वात होत जातो, पेट्रोल उतरेनासं होतं, वाटी रिकामी, गाडी आचके देत बंद. अर्धा तास उभी राहिली की कडेकडेने हवा शिरते, वाटी भरते, गाडी सुरू. म्हणून फक्त पावसात, कारण प्लास्टिक फक्त पावसात. राईडला टाकी फुल करून निघता ना?

चिखलगाडी:
हो, नियमच आहे क्लबचा.

जुनी_किक:
तर आणखी लवकर. फुल टाकीत हवेला जागाच थोडी, थोडं पेट्रोल खर्चलं तरी दाब झपकन उतरतो.

तिसरा_गिअर:
पटतंय, पण कॅप जुनीच असणार. बदलून टाका.

मीनल_के:
टाकी झाकू नका. झाकणाच्या कडेला पाणी बाहेर काढणारी बारीक नळी असते, ती बुजलेली नाही ना तेवढं बघा. ती चोंदली तरच पाणी साचून आत उतरतं.

चिखलगाडी:
आज कोरड्या रस्त्यावर मुद्दाम प्लास्टिक बांधून गेलो. टाकी फुल. १४ किमीवर तेच आचके, बंद. प्लास्टिक सोडून झाकण उघडलं तर फुस्स करून हवा आत गेली. मिनिटभराने पहिल्या सेल्फला चालू. येताना बिनप्लास्टिकचा आलो, काही नाही. क्लबात सांगायची लाज वाटतेय, मागच्या खेपेला मी मेकॅनिकशी भांडलो होतो. शेवटच्या गाडीवाल्याला मात्र सांगावंच लागेल, दोनदा भिजलाय माझ्यापायी.

तिसरा_गिअर:
कॅपवर फवारा मारून बघितला का?

चिखलगाडी:
मारला. एकही ठिणगी नाही.

तिसरा_गिअर:
अंधार पुरेसा नसेल.

ओले_मोजे:
पँट बुटाच्या बाहेर काढली, आता पाणी खालून चढतंय.