ईडीटीएने आतड्याचं अस्तर सुटतं, पण पेशी सुट्या होत नाहीत. कोणतं जंक्शन (पेशींमधला जोड) धरून ठेवतंय?

टीवाय_झूलॉजी_रत्नागिरी
बोकडाचं ताजं लहान आतडं उभं चिरून, धुऊन, ५ मिलिमोलर ईडीटीए (कॅल्शियम बांधून काढणारं रसायन) घातलेल्या फॉस्फेट सलाइनमध्ये बर्फावर अर्धा तास ठेवलं. हलवल्यावर पांढुरकी झालर सुटते. ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली बघावं तर अस्तराचे अख्खे तुकडे, पेशी एकमेकींना चिकटलेल्याच. कॅल्शियम काढलं की जंक्शन सुटतात असं पुस्तक म्हणतं, मग हे काय? शिवाय जर्नलमध्ये कुर्लीच्या कल्ल्याची आकृती आहे. तिच्यात टाईट जंक्शन दाखवायचं का?

पेशीकट्टा
पुस्तक अर्धंच सांगतं. कॅल्शियम गेलं की आधी ढिला पडतो तो ॲडहेरेन्स जंक्शनचा पट्टा. त्यातलं ई-कॅढेरिन हे पेशी जोडणारं प्रथिन कॅल्शियमशिवाय ताठ उभं राहत नाही. आतून कॅटेनिन प्रथिनांमार्फत त्याला जोडलेला ॲक्टिन तंतूंचा पट्टाही मग सैल होतो आणि वरचं टाईट जंक्शन पाठोपाठ उघडतं. टाईट जंक्शन हे मुळात ताण झेलणारं जोडकामच नव्हे. त्यातली क्लॉडिन आणि ऑक्लुडिन ही प्रथिनं दोन पेशींमधली फट बुजवतात, एवढंच त्यांचं काम.

तुमचे तुकडे धरून ठेवलेत डेस्मोसोम या ताण झेलणाऱ्या जंक्शनने. त्यातली डेस्मोग्लीन आणि डेस्मोकोलिन ही प्रथिनंसुद्धा कॅढेरिनच्याच घराण्यातली, पण पक्व ऊतीत बसलेले डेस्मोसोम पुष्कळदा कॅल्शियम काढूनही सुटत नाहीत. आत डेस्मोप्लाकिनमार्फत ते केराटिनच्या दोरांना बांधलेले असतात, ओढ तिथे जाते. तळपटलाशी (अस्तराखालच्या पातळ थराशी) असलेली पकड मात्र इंटेग्रिन प्रथिनांची. तिलाही कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं, म्हणून अस्तर खालून सुटून आलं. थोडक्यात, प्रयोग बरोबरच झालाय.

सुट्या पेशी हव्या असतील तर प्रथिनच कापायला हवं. तुकडे साध्या सलाइनने दोनदा धुवा, मग ०.२५ टक्के ट्रिप्सिनमध्ये (०.०२ टक्के ईडीटीएसह) ३७ अंशांवर ५ ते १० मिनिटं. दर दोन मिनिटांनी थेंब काढून स्लाइड बघा. सुट्या झाल्या की १० टक्के सीरम घालून लगेच थांबवा. उशीर झाला की पेशी फुटतात, डीएनए बाहेर येऊन सगळं शेंबडासारखं चिकट होतं आणि मग पिपेटने कितीही वर-खाली करा, उपयोग नाही. ०.४ टक्के ट्रिपॅन ब्लू घालून निळ्या, म्हणजे मेलेल्या पेशी मोजून ठेवा.

जिथे चुकतं ते असं. रिंगर सलाइन वापरलं तर त्यातलंच कॅल्शियम ईडीटीए खाऊन टाकतं. ईडीटीएची डायसोडियम पूड पीएच ८ च्या आसपास गेल्याशिवाय नीट विरघळत नाही. ०.५ मोलरच्या १०० मिलिलिटरसाठी १८.६ ग्रॅम पूड आणि साधारण २ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड लागतं. या साठ्यातलं १ मिलिलिटर १०० मिलिलिटर सलाइनमध्ये घातलं की तुमचे ५ मिलिमोलर झाले. आणि आतडं बंद पिशवीत घालूनच बर्फावर ठेवा. मासळीबाजारातला बर्फ थेट वर टाकला तर वितळलेल्या गोड्या पाण्याने पेशी फुगून फुटतात. मे महिन्यातल्या उकाड्यात तर बर्फाविना तासाभरातच अस्तर कुजायला लागतं, तेव्हा कापल्यापासूनची वेळ बघा.

खाडीकाठ_देवगड
टाईट जंक्शन म्हणजे नुसतं बूच नव्हे, हे समजायला जिताड्याचा कल्ला बघावा. खाऱ्या पाण्यात क्लोराइड पेशी (मीठ बाहेर टाकणारी पेशी) आणि तिच्या शेजारची साहाय्यक पेशी यांच्यामधलं जंक्शन मुद्दाम उथळ आणि गळकं असतं. क्लोराइड पेशीतून बाहेर जातं आणि सोडियम त्याच्यामागून या फटीतून. गोड्या पाण्यात हीच गळती जिवावर बेतेल, म्हणून तिथे जंक्शन खोल आणि अनेक पदरी होतात. हा बदल तासाभरात होत नाही, त्याला दिवस लागतात. खाडीतलं बीज गोड्या तळ्यात सोडताना खारटपणा दिवसाला ५ पीपीटीहून (हजारात ५ भागांहून) जास्त उतरवू नये, ते यासाठीच.

इथल्या जांभ्यातलं विहिरीचं पाणी मऊ असतं, कॅल्शियम कमी. अशा पाण्यात फटी आणखी गळतात आणि माशाच्या अंगातलं मीठ झिरपून जातं. आधी टेस्ट किटने कठीणपणा मोजा. तो लिटरला २० मिलिग्रॅमने वाढवायचा तर १००० लिटरला सुमारे ३५ ग्रॅम जिप्सम पुरतं. मासे आत असताना कळीचा चुना कधीच टाकू नका, पीएच एकदम चढतो.

टीवाय_झूलॉजी_रत्नागिरी
आभारी. गॅप जंक्शन कापायलाही ट्रिप्सिनच ना? आणि कुर्लीचं राहिलंच.

पेशीकट्टा
गॅप जंक्शनसाठी वेगळं काही करावं लागत नाही. दोन पेशींमधलं अंतर तिथे जेमतेम २ ते ४ नॅनोमीटर. प्रत्येक पेशीची सहा कनेक्सिन प्रथिनांची अर्धी नळी, दोन्ही जुळून एक नळी होते, तिच्यातून साधारण १००० डाल्टनपर्यंतचे रेणू जातात. ते निरोप पोचवायला आहे, पेशी धरून ठेवायला नाही. वेगळ्या करताना बहुधा एका पेशीसोबत अख्खं ओढलं जातं.

कुर्लीच्या कल्ल्यात टाईट जंक्शन दाखवू नका. कुर्लीसारख्या संधिपादांमध्ये फट आवरायचं काम सेप्टेट जंक्शन करतं. वर ॲडहेरेन्सचा पट्टा, त्याच्या खाली सेप्टेट, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात आडव्या पायऱ्या दिसतात तेच. क्रम आपल्या आतड्याच्या उलटा आहे, तोंडी परीक्षेत हमखास इथेच गाठतात. गॅप जंक्शन आहेत, पण कनेक्सिनऐवजी इनेक्सिन या प्रथिनांची. कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकात यातलं काहीच दिसणार नाही, तेव्हा आकृतीखाली ‘रेखाकृती’ असं स्पष्ट लिहा, आणि सगळ्यात वर क्युटिकलची रेघ विसरू नका.