हाताने केलेला दाढीचा साबण आणि आपल्याकडचे पाणी : आपले अनुभव लिहावेत

पूर्णाकाठ :
मागच्या पंधरवड्यात वर्धेला गेलो असताना एका बचत गटाच्या महिलांनी केलेली दाढीच्या साबणाची वडी घेतली. मोहाचे तेल, एरंडेल आणि कडुनिंब, असे वेष्टनावर पेनाने लिहिलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी भिजवलेला ब्रश वडीवर चांगला फिरवला, पण वाटीत फेस उभा राहण्याऐवजी नासलेल्या दुधासारखे पांढरे कण तेवढे जमले आणि गालाला लावेपर्यंत तेही बसून गेले. आमचे गाव अकोला जिल्ह्यात, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारट असलेल्या भागात आहे आणि घरात बोअरचे पाणी येते.

वाटीकडे पाहत असताना गावातले न्हावीकाका आठवले. दर आठ दिवसांनी ते ओसरीवर येऊन बाबांची दाढी करत आणि सुगीला ज्वारीचे बलुते नेत. आई त्यांच्यासमोर तांब्याभर पाणी ठेवायची, पण दाढीसाठी ते त्या पाण्याला हात लावत नसत. धोकटीबरोबर त्यांचा स्वतःचा पितळी गडू असे आणि त्यात नाल्यातल्या झिऱ्याचे पाणी भरलेले असे. त्यांना आमच्या घरचे पाणी चालत नसावे, असे आम्हा मुलांना वाटायचे आणि त्याचे मला वाईटही वाटायचे. ते पाणी फेसासाठी होते, हे चाळीस वर्षांनी त्या वाटीने मला सांगितले. असे साबण कोणी वापरले असतील, तर कसे जमवले ते कृपया लिहावे.

वर्ध्याची ताई :
भाऊ, साबणाला दोष देण्याआधी पाणी बदलून पाहावे. मी सहा वर्षांपासून घरी साबण करते. दाढीच्या साबणाला दाट आणि टिकणारा फेस लागतो व तो मुख्यतः स्टिअरिक आम्लामुळे, म्हणजे घट्ट तेला-चरबीत असणाऱ्या एका स्निग्ध आम्लामुळे येतो. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नेमके त्यालाच धरतात आणि न विरघळणारा साका तयार होतो. आपल्या वाटीतले कण तेच होते. त्यात पाणी खारट असेल तर अडचण दुहेरी होते, कारण मिठामुळे साबण पाण्यातून वेगळा पडतो. मोठ्या कढईत साबण करणारे लोक शेवटी मीठ घालून साबण वेगळा काढतात, तो याच गुणामुळे.

वर्ध्याला या कामाची जुनी ओळख आहे. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ इथे मगनवाडीत सुरू झाला आणि खाण्यात न येणाऱ्या तेलांचा साबण हा ग्रामोद्योगातला पुढेही चालत आलेला विषय आहे.

माझी एक चूक सांगते. घरचे जवस होते, म्हणून एकदा तेलांच्या मिश्रणात जवळजवळ तिसरा हिस्सा जवसाचे तेल घातले. वड्या सुरेख निघाल्या, परंतु दोन महिन्यांत त्यांच्यावर नारिंगी ठिपके उमटले आणि खवट वास सुटला. जवसाचे तेल हवेने फार लवकर बिघडते. चाळीस वड्या फेकताना जीव तुटला.

मोहवन :
गडचिरोलीकडे मोहाच्या बियांचे तेल घरोघरी असायचे. थंडीत ते बाटलीत गोठून तुपासारखे होते. आजी ते पायांच्या भेगांना लावायची. ताई, याचा साबण दाढीला चालतो हे आजच कळले.

वर्ध्याची ताई :
चालतो, कारण त्यात घट्ट स्निग्धांश बराच असतो. मात्र एकट्याने भागत नाही, म्हणून मी वरून स्टिअरिक आम्ल घालते. खोबरेल तेल थोडेच घालते. त्याचा फेस पटकन आणि मोठ्या बुडबुड्यांचा येतो, परंतु जास्त झाल्यास कातडी ओढल्यासारखी वाटते. तेलाचा साबण होतो तो कॉस्टिक या तीव्र क्षारामुळे. नुसत्या कॉस्टिक सोड्याने वडी टणक होते. त्यात कॉस्टिक पोटॅशही घेतले, तर ती मऊ राहते आणि ब्रशला लवकर सुटते. करून पाहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे : कॉस्टिक पाण्यात घालायचे असते, त्यावर पाणी कधीही ओतू नये, नाहीतर ते उसळून अंगावर येते. शिवाय वडी चार ते सहा आठवडे वाळू द्यावी.

वरुडचा बागवान :
आमच्याकडे संत्री भरपूर, म्हणून एका ओळखीच्या मुलाने संत्र्याच्या सालीचे तेल घातलेला साबण करून दिला. वास इतका सुंदर की आंघोळीनंतरही पंचा हुंगत बसावे. पण ब्लेड फिरवल्यावर मानेवर अशी आग झाली की तुरटीही सोसवेना. ताज्या दाढीवर सुगंधी तेल बेताचेच असावे, असे आता माझे ठाम मत आहे.

दर्यापूरची सूनबाई :
दाढीचे मला काही सांगता येणार नाही, पण पाण्याचे सांगते. लग्न होऊन इकडे आले तेव्हा तुरीची डाळ दोन तास शिजवूनही दाणा तसाच राहायचा आणि सासूबाईंसमोर रडू यायचे. माहेरची डाळ, माहेरचेच भांडे, बदलले होते ते पाणी. सासूबाईंनीच मग पिण्याचे पाणी डाळीला वापरायला सांगितले. न्हावीकाकांच्या गडूचे वाचून डोळे भरून आले.

मोहवन :
पाणी उकळून घेतले तर?

वर्ध्याची ताई :
उकळल्याने जडपणाचा एक भागच जातो, भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो तो हाच. खारटपणा मात्र तसाच राहतो. पावसाचे किंवा गाळलेल्या जारचे पाणी घ्यावे, एका दाढीला अर्धा पेलाही पुरतो.

पूर्णाकाठ :
सर्वांचे मनापासून आभार. परवा रात्री पाऊस झाला, तेव्हा अंगणात मधोमध पातेले ठेवले. सकाळी त्यातले चमचाभर पाणी वडीवर ओतून ती पाच मिनिटे तशीच राहू दिली. ब्रश झटकून अर्धा मिनिट वडीवर फिरवला आणि वाटीत थेंब थेंब पाणी घालत घोटत गेलो. आधी चिकट पेस्ट झाली, मग तिला चकाकी आली आणि शेवटी ब्रश उचलल्यावर लोण्यासारखे टोक उभे राहिले, ते पडले नाही. कडुनिंबाचा कडवट वास येत होता. दोनदा ब्लेड फिरवूनही गाल ओढला गेला नाही.

काल वडीचा तुकडा घेऊन काकांच्या मुलाच्या दुकानात गेलो, त्याचे दुकान एसटी स्टँडजवळ आहे. पाण्याबद्दल मी काही बोलण्याआधीच त्याने आरशामागून तोच पितळी गडू काढला. झिरा केव्हाच आटला, म्हणून तो आता रोज त्यात जारचे पाणी भरून ठेवतो.