शब्दचर्चा: इम्प्लांट ‘फेल’ गेलं म्हणजे नेमकं काय?

कृष्णाकाठची:
सांगलीत बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या बिलांचं कोडिंग, म्हणजे निदानाला आणि ऑपरेशनला ठरलेले कोड लावण्याचं काम, करणाऱ्या नव्या पोरांना शिकवते. मूत्ररोगाच्या इम्प्लांटचा धडा मराठीत लिहायला घेतलाय. ‘डिव्हाइस फेल्युअर’ला ‘निकामी होणं’ लिहिलं, पण मन भरत नाही. ‘रिमूव्हल’ला एकाने ‘निष्कासन’ सुचवलंय. तुमचं काय मत?

मिरजकर:
निष्कासन भाडेकरूचं करतात हो. ‘काढणं’ पुरे. मिरजेत मूतखड्याच्या ऑपरेशननंतर पेशंट ‘नळी काढायला आलोय’ म्हणतो, ती डीजे स्टेंट, लघवी वाहती राहावी म्हणून काही काळ आत ठेवलेली नळी. तिथे काही बिघडलेलं नसतं, ती ठरल्या वेळी काढायचीच असते. त्यामुळे तिला निदानाच्या कोडांपैकी टी८३ गटातला, म्हणजे आत बसवलेल्या साधनाच्या गुंतागुंतीचा, कोड लावायचा नाही, झेड४६.६ लावायचा. नळी आतच राहून गेली आणि तिच्यावर खडा चढला, तर प्रकरण वेगळं.

जुना मास्तर:
‘निकामी’ आणि ‘नादुरुस्त’ यांत भेद ठेवा. विहिरीवरची मोटर नादुरुस्त असेल तर मेकॅनिककडे जाते, निकामी झाली तर भंगारात.

कृष्णाकाठची:
मास्तर, माझी अडचण इथेच आहे! तीन भागांचं फुगणारं शिश्न-इम्प्लांट घ्या. दोन सिलिंडर, अंडकोशाच्या पिशवीत पंप, पोटात सलाइनची टाकी. आता ऑपरेशनचे कोड बघा. एखाद्या भागाची दुरुस्ती केली तर ५४४०८. सगळे भाग काढले आणि नवं बसवलं नाही, तर ५४४०६. त्याच बैठकीत सगळं काढून नवं बसवलं, तर ५४४१०. इथे काढण्याचं आणि बसवण्याचं वेगवेगळं बिल लावायचं नाही. हेच संसर्ग झालेल्या जागेत केलं तर ५४४११, आणि जखम धुणं, सडका भाग काढणं त्यातच धरलेलं. लघवी धरून ठेवणाऱ्या कृत्रिम स्फिंक्टरचीही अशीच भावंडं आहेत, ५३४४६ ते ५३४४९.
आता निदानात मी ‘निकामी’ लिहिलं की पोरं ऑपरेशनची नोंद न वाचताच ५४४१० टाकून मोकळी होतात. सर्जनने तर नुसती दुरुस्ती केलेली असते.

मिरजकर:
म्हणजे शब्दानेच ऑपरेशन ठरवून टाकलं. मग मास्तरांचे दोन्ही शब्द निदानातून काढा. तिथे ‘बिघाड’ लिहा, तो पुढचं काही सांगत नाही. शिश्न-इम्प्लांटचं यंत्र मोडलं तर बिघाड, निदानाचा कोड टी८३.४१०. जागेवरून हललं तर ‘सरकणं’, टी८३.४२०. पू झाला तर ‘जंतुसंसर्ग’, टी८३.६१. ‘फेल’मध्ये तिन्ही एकत्र कालवले जातात. शिवाय आपल्याकडे ‘ऑपरेशन फेल गेलं’ म्हणजे डॉक्टरवर ठपका. टाकीतून सलाइन गळलं, त्यात डॉक्टरचा काय दोष?

जुना मास्तर:
मान्य. कारणाला नाम, कृतीला क्रियापद. काढलं, बदललं, दुरुस्त केलं. मराठी क्रियापदं असताना संस्कृतकडे उसनवारी कशाला?

वॉर्डातली सिस्टर:
एक माझंही. ‘प्रत्यारोपण’ कुठे घुसू देऊ नका, तो किडनीचा शब्द. आम्ही ‘इम्प्लांट बसवलं’ म्हणतो. आणि इम्प्लांटलाच प्रोस्थेसिसही म्हणतात, पण फोनवर सांगताना ‘प्रोस्थेसिस काढलं’चं ‘प्रोस्टेट काढलं’ होतं, म्हणून धड्यात पूर्ण नाव लिहा.

कृष्णाकाठची:
लिहिते, ताई. आता शेवटचं. या टी८३ कोडांच्या शेवटी सातवं अक्षर येतं. ए म्हणजे ‘इनिशियल एन्काउंटर’. पोरं त्याला ‘पहिली भेट’ म्हणतात आणि दुसऱ्या खेपेला आलेल्या पेशंटला डी लावून टाकतात.

मिरजकर:
भेटीच्या क्रमाशी त्याचा संबंध नाही. त्या बिघाडावर प्रत्यक्ष उपचार होतायत तोवर ए, मग पेशंट कितव्यांदा का येईना. बरं होत असतानाची नेहमीची तपासणी असेल तेव्हा डी. ‘भेट’ शब्दच वगळा.

कृष्णाकाठची:
मग ए म्हणजे ‘चालू उपचार’?

वॉर्डातली सिस्टर:
‘चालू’ नको गं, वर्गात हशा पिकेल. ‘उपचार सुरू’ लिही.

कृष्णाकाठची:
ठरलं. आणि डीला ‘पाठपुरावा’?

जुना मास्तर:
पाठपुरावा कलेक्टर कचेरीतल्या फायलीचा करतात. ‘बरं होतानाची तपासणी’ असंच ठेवा, लांब झालं तरी चालेल.